एप्रिलची घोषणा, मे अखेरचा निर्णय: कॉलेजचा बास्केटबॉलपटू राहतो की जातो, हे कसं समजून घ्यायचं

इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकायला येणाऱ्या मराठी मुलामुलींकडून दर एप्रिलमध्ये मला एकच प्रश्न येतो. "दादा, आपला अमुक खेळाडू एनबीएला निघाला म्हणे. मग कोच त्याला पुढच्या सीझनमध्ये कसा धरतोय?" बिचाऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पर्ड्यूच्या मॅकी अरेनात बसून घसा कोरडा करून घेतलेला असतो. आणि आता मोबाईलवर येणाऱ्या बातम्यांची भाषाच कळत नाही. नाव दिलं, पण पात्रता राखली. पोर्टलमध्येही गेला. एजंटही केला. म्हणजे गेला की राहिला?

मीही असाच कोरा आलो होतो. हा लेख तेव्हा कुणी दिला असता तर बरं झालं असतं. एखाद्या खेळाडूच्या जागी स्वतःला ठेवून हिशोब कसा करायचा ते पायरीपायरीने सांगतो. घरात कुणी शाळेच्या टीममधून खेळत असेल तर व्हिसाची पायरी जास्त लक्ष देऊन वाचा.

पायरी 1: तो जाऊ शकतो का?

हे सर्वात सोपं. ड्राफ्ट म्हणजे एनबीएचे, इथल्या सर्वात मोठ्या व्यावसायिक लीगचे, क्लब दर जूनमध्ये आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम. 2006च्या ड्राफ्टपासून नियम असा आहे की ड्राफ्टच्या कॅलेंडर वर्षात खेळाडूला 19 वर्षं पूर्ण व्हायला हवीत आणि अमेरिकन खेळाडूचं हायस्कूल संपून एक सीझन उलटलेला हवा. त्याआधी पोरं थेट शाळेतून जायची. केव्हिन गार्नेट 1995 मध्ये असाच गेला, कोबी ब्रायंट 1996 मध्ये, लेब्रॉन जेम्स 2003 मध्ये. आता एक वर्ष कुठेतरी काढावंच लागतं आणि बहुतेक जण ते कॉलेजात काढतात. एक वर्ष खेळून लगेच जाणाऱ्याला इथे 'वन-अँड-डन' म्हणतात. 2025 मध्ये पहिल्या क्रमांकाने डॅलसला गेलेला ड्यूकचा कूपर फ्लॅग हे त्याचं ताजं उदाहरण. ड्राफ्टच्या रात्री तो 18 वर्षांचा होता. त्याला 19 वर्षं डिसेंबरात पूर्ण होणार होती, आणि नियमाला तेवढं पुरतं.

अमेरिकेबाहेरच्या, इथल्या कॉलेजात न खेळलेल्या खेळाडूचं गणित थोडं वेगळं: 22 वर्षांचा होणाऱ्या वर्षी तो आपोआप ड्राफ्टमध्ये येतो. त्याआधी जायचं तर नाव द्यावं लागतं.

पायरी 2: कॅलेंडर भिंतीवर लावा

सगळा गोंधळ तारखांचा आहे. 2025च्या तारखा नमुन्यादाखल घ्या. दरवर्षी त्या थोड्या सरकतात, ट्रान्सफर पोर्टलच्या (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) तर नियमांसकट बदलतात.

24 मार्चला पोर्टल उघडलं आणि 22 एप्रिलला बंद झालं. मधे 7 एप्रिलला फ्लोरिडाने ह्यूस्टनला हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. 26 एप्रिल ही ड्राफ्टसाठी नाव देण्याची अखेरची तारीख. 11 ते 18 मे शिकागोत कम्बाइन, म्हणजे मोजमापं, चाचण्या आणि मुलाखतींचा आठवडा. 28 मेच्या रात्री 11:59 वाजता, ईस्टर्न वेळेनुसार, कॉलेजात परतण्याची मुदत संपली. ही मुदत एनसीएएची, म्हणजे कॉलेज खेळांच्या संघटनेची. एनबीएची स्वतःची माघारीची मुदत 15 जूनला होती. ड्राफ्ट 25 आणि 26 जूनला झाला.

यात नवख्याची फसगत कुठे होते? दोन मुदतींमध्ये. 28 मेनंतर आणि 15 जूनपूर्वी जो नाव मागे घेतो, तो कॉलेजला परत जात नाही. तो मुख्यतः परदेशातल्या क्लबचा खेळाडू असतो, पुढच्या वर्षी पुन्हा येणारा. कॉलेजवाल्याची खरी तारीख मे अखेरची. जूनच्या मुदतीची बातमी आली की "अजून वेळ आहे" असं म्हणणारे दरवर्षी भेटतात, आणि दरवर्षी त्यांना तीच दुरुस्ती सांगावी लागते.

दुसरी गोष्ट, एप्रिलमध्ये नाव देणं म्हणजे जाणं नव्हे. 2016 पासून खेळाडूला नाव देऊन, कम्बाइन करून, क्लबांसमोर सराव करून मग मागे फिरता येतं. एप्रिलची घोषणा म्हणजे मुलगी बघायला जाण्याइतकीच. सुपारी फुटते मेच्या शेवटी. तेव्हा एप्रिलमधल्या "धन्यवाद, या विद्यापीठाने मला घडवलं" छापाच्या पोस्ट वाचून डोळे पुसू नका.

पायरी 3: तो कुठे निवडला जाईल?

ड्राफ्टमध्ये दोन फेऱ्या, प्रत्येकी 30. एकूण 60 जागा, अधूनमधून एखादी दंडापोटी कापली जाते. देशात पहिल्या दर्जाच्या साडेतीनशेहून जास्त कॉलेज टीम आहेत. शिवाय स्पेन, फ्रान्स, सर्बिया, ऑस्ट्रेलियाची पोरं याच 60 मध्ये.

जागेचा अंदाज कुठून घ्यायचा, याचा क्रम माझ्या मते असा. सर्वात वर, एनबीएच्या अंडरग्रॅज्युएट अ‍ॅडव्हायझरी कमिटीचं उत्तर. खेळाडू अर्ज करतो, क्लबांचे अधिकारी गुप्तपणे मत देतात: पहिल्या 14 मध्ये, पहिल्या फेरीत, दुसऱ्या फेरीत, की निवड होणारच नाही. त्याखाली, कम्बाइनचं आमंत्रण आलं की नाही. साधारण 75 जणांना येतं. ज्याला येत नाही त्याला न बोलता उत्तर मिळालेलं असतं. त्याखाली, खाजगी सरावासाठी किती क्लबांनी बोलावलं आणि तेच क्लब दुसऱ्यांदा बोलावतायत का.

वेबवर फिरणारे मॉक ड्राफ्ट, म्हणजे कोण कितवा जाईल याचे अंदाज, सर्वात शेवटी. आणि मॅचमधल्या पॉइंटांचा तर इथे जवळपास उपयोगच नाही. हे मराठी क्रिकेटप्रेमी मनाला पटायला जड जातं. रणजीत हजार धावा काढल्या की निवड समितीने दखल घ्यावी अशी आपली रास्त अपेक्षा असते. एनबीएचा क्लब मात्र पाच वर्षांनंतरचा खेळाडू विकत घेतो. हात किती लांब, बूट काढल्यावर उंची किती, बाजूला सरकताना पाय किती चटचट पडतात आणि वय किती. 22 वर्षांचा पोरगा 20 पॉइंट काढतो आणि 19 वर्षांचा 11 काढतो, तर दुसरा आधी जाण्याची शक्यता भरपूर.

आता यावर आमच्याच गावचं उदाहरण. टोरोंटोचा झॅक ईडी, 7 फूट 4 इंच. 2022-23 मध्ये सरासरी 22.3 पॉइंट, 12.9 रिबाउंड, देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. आणि ड्राफ्टचा अंदाज? दुसरी फेरी. संथ आहे, तीन पॉइंटच्या रेषेबाहेर येऊन बचाव कसा करणार, असं म्हणणारे क्लब पुष्कळ. त्यात मार्च 2023 मध्ये पर्ड्यू राष्ट्रीय स्पर्धेत 16व्या, म्हणजे सर्वात खालच्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून 63-58 हरलं. त्या रात्री आमच्या घरी जेवण तसंच राहिलं. ईडीने एप्रिलमध्ये नाव दिलं, क्लब फिरला आणि 31 मेला, मुदतीच्या दिवशी, परतला. का परतला, ते पुढच्या पायरीत.

पायरी 4: दोन्ही बाजूंचे पैसे कागदावर लिहा

इथे थांबायला लागेल, कारण खरा निर्णय इथे होतो.

आधी जाण्याची बाजू. पहिल्या फेरीत निवड झाली तर पगार ठरलेल्या तक्त्यातून येतो. दोन वर्षं हमीची, तिसरं आणि चौथं क्लबच्या मर्जीवर. 2025 मध्ये फ्लॅगला पहिल्या वर्षाचे साधारण 1 कोटी 38 लाख डॉलर. 2024 मध्ये 30व्या, म्हणजे फेरीतल्या शेवटच्या जागेला साधारण 25 लाख डॉलर. फरक मोठा आहे, पण 30व्यालाही दोन वर्षांचे पैसे नक्की मिळणार. उद्या गुडघा गेला तरी.

31व्या जागेपासून ही हमी संपते. तक्ता नाही, जे एजंट मिळवेल ते. एखाद्याला तीन-चार वर्षांचा करार मिळतो, बऱ्याच जणांच्या वाट्याला 'टू-वे' येतो. टू-वे म्हणजे अर्धा मुक्काम एनबीएत, अर्धा तिच्या खालच्या जी लीगमध्ये, आणि पगार नवख्याच्या किमान पगाराच्या निम्मा. 2024-25 मध्ये तो 5,78,577 डॉलर होता. प्रत्येक क्लबाला असे तीनच खेळाडू ठेवता येतात. त्याच्याही खाली नुसता जी लीगचा करार, सीझनचे 40 हजार डॉलरच्या आसपास. इथल्या नव्या सॉफ्टवेअरवाल्याला याहून जास्त मिळतात.

पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग आठवतो? 2015 मध्ये कॉलेज न करता फ्लोरिडाच्या अकादमीतून थेट ड्राफ्टला गेला आणि डॅलसने 52व्या क्रमांकावर घेतला. भारतात जन्मलेला, ड्राफ्ट झालेला पहिला खेळाडू. आपल्याकडे पेढे वाटल्यासारख्या बातम्या आल्या. तो जी लीगमध्ये टेक्सस लेजंड्सकडून खेळला, एनबीएच्या नियमित सीझनचा एकही सामना मात्र त्याच्या वाट्याला आला नाही. 52वा क्रमांक म्हणजे निवडीची बातमी. नोकरीची चिठ्ठी वेगळी असते.

म्हणून दुसऱ्या फेरीच्या तळाला निवड होण्यापेक्षा निवड न होणं कधीकधी बरं, असं एजंट म्हणतात ते उगाच नाही. निवड झाली की एकाच क्लबाशी बांधलेले. नाही झाली तर आपल्या जागेची गरज कुठे आहे ते बघून क्लब निवडता येतो. फ्रेड व्हॅनव्लीट चार वर्षं विचिटा स्टेटला खेळला, 2016 मध्ये कुणी घेतला नाही, टोरोंटोला गेला आणि 2019 मध्ये विजेत्या संघात होता. अर्थात एक व्हॅनव्लीट दिसतो तेव्हा किती जण तुर्कस्तान-पोलंडच्या क्लबांत निघून गेले ते दिसत नाही. (तिथे वाईट असतं असं नाही. युरोपात बऱ्याच ठिकाणी घर आणि गाडी क्लब देतो आणि पगारही जी लीगपेक्षा चांगला असतो.)

आता राहण्याची बाजू. 2021 पर्यंत ही बाजू कोरीच होती: शिष्यवृत्ती, जेवण, पुस्तकं. घरी आई दोन नोकऱ्या करत असेल तर "डिग्री पूर्ण कर" हा सल्ला देणाऱ्याला तो कितीचा पडतो हे कळत नसे. 1 जुलै 2021 पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमवायची परवानगी मिळाली. इथे त्याला एनआयएल म्हणतात. मग 6 जून 2025 रोजी खेळाडूंच्या पैशांवरून चाललेल्या हाउस खटल्याची तडजोड न्यायालयाने मंजूर केली आणि 1 जुलैपासून कॉलेजं खेळाडूंना थेट वाटा देऊ लागली. पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळ्या खेळांत मिळून साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. यातला मोठा घास अमेरिकन फुटबॉल खातो, पण बास्केटबॉलच्या टीमला 15च खेळाडू. बड्या टीमच्या चांगल्या खेळाडूला वर्षाला 10 लाख डॉलरच्या वर मिळाल्याच्या बातम्या आता कुणाला धक्का देत नाहीत.

कागदावर दोन आकडे शेजारी ठेवा. पहिल्या 20 मध्ये नक्की जाणारा असेल तर निघावं, फार विचार करू नये. निवड होणारच नाही असं उत्तर आलेल्यानेही फार विचार करू नये, राहावं. खरी डोकेफोड 25 ते 45च्या पट्ट्यात आहे, आणि या पट्ट्याचं गणित एनआयएलने उलटं केलं. पूर्वी टू-वेचे पाच-सहा लाख हे शिष्यवृत्तीपेक्षा कितीतरी जास्त होते. आता तेच कॉलेजच्या निम्मे ठरू शकतात. 2021 मध्ये आपोआप पात्र होण्याआधीच नाव देणारे साडेतीनशेच्या वर होते (कोविडमुळे सगळ्यांना एक वर्ष वाढवून मिळालं होतं, त्यामुळे तो आकडा फुगलेला). 2025 मध्ये 106.

त्याच 2025 मध्ये अलाबामा-बर्मिंगहॅमचा याक्सेल लेंडेबोर्ग पहिल्या फेरीच्या शेवटाजवळ धरला जात होता. कम्बाइनला चांगला खेळला. तरी मे अखेरीस नाव मागे घेऊन मिशिगनला गेला. दहा वर्षांपूर्वी असं कुणी केलं असतं तर त्याच्या मामाने त्याला घरात घेतलं नसतं.

एक सावधगिरी. एनबीएच्या आकड्यातून एजंटचे जास्तीत जास्त 4 टक्के, लीग राखून ठेवते ते 10 टक्के, केंद्राचा कर आणि ज्या ज्या राज्यात सामना खेळला त्या राज्याचा कर जातो. कॉलेजच्या पैशावरही कर आहेच, पण अठरा वर्षांच्या मुलाला तो एप्रिलमध्ये समजतो. एनआयएलच्या करारात एजंटची टक्केवारीही एनबीएच्या 4 टक्क्यांपेक्षा बरीच जास्त असते. सही करण्याआधी विचारा.

पायरी 5: एका वर्षात नेमकं काय बदलणार आहे?

"अजून एक वर्ष राहून सुधारेन" हे सगळे म्हणतात. त्यावर विचारायचा प्रश्न: काय सुधारशील? फ्री थ्रो, तीन पॉइंटचा शॉट, दोन इंच कमी चरबी? उत्तर एका वाक्यात देता आलं नाही तर राहण्याचा अर्धा फायदा गेला. कारण तुम्ही वर्षभर राहता तेव्हा स्काउटांना, म्हणजे क्लबांच्या पारख्यांना, तुमच्यातल्या खोडी शोधायलाही एक वर्ष मिळतं.

कॅलिफोर्नियाचा आयव्हन रॅब 2016 मध्ये पहिल्या 14 मध्ये धरला जात होता. राहिला. 2017 मध्ये 35वा गेला. म्हणजे हमी गेली. फ्लोरिडाचा जोआकिम नोआ 2006चा राष्ट्रीय विजेता. तेव्हा गेला असता तर अगदी वरच्या जागांवर गेला असता असं बहुतेकांचं मत. तो, अल होरफर्ड आणि कोरी ब्रूअर तिघेही परतले, 2007 मध्ये पुन्हा जिंकले. होरफर्ड तिसरा गेला, ब्रूअर सातवा, नोआ नववा. नोआने पैसे गमावले का? पहिल्या करारात हो. पण त्याला नंतर कधी हळहळताना कुणी पाहिलं नाही. वडील विम्बल्डनपर्यंत खेळलेले, फ्रेंच ओपन जिंकलेले यानिक नोआ. घरी चूल पेटायची चिंता नसली की माणूस असा निर्णय घेऊ शकतो. टिम डंकन वेक फॉरेस्टला चार वर्षं राहून 1997 मध्ये पहिलाच गेला, पण तो नियम नव्हे, डंकन होता.

वयाचा हिशोबही इथेच करायचा. खरा पैसा दुसऱ्या करारात असतो. पहिल्या फेरीचा करार चार वर्षांचा धरला तर 19व्या वर्षी गेलेला 23व्या वर्षी मोठ्या करारापाशी येतो, 22व्या वर्षी गेलेला 26व्या. ही तीन वर्षं कारकिर्दीच्या शेवटी परत मिळत नाहीत. "राहिलो तर काय बिघडलं" असं म्हणणाऱ्याला हे दिसत नाही, कारण नुकसान पंधरा वर्षांनी होतं.

आणि दुखापत. 20 फेब्रुवारी 2019, ड्यूक विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना, पहिल्याच मिनिटात झायन विल्यमसनचा बूट फाटला आणि गुडघा मुरगळला. तो सावरला, त्या जूनमध्ये पहिला निवडला गेला. पण त्या संध्याकाळी देशभर एकच चर्चा होती: पहिल्या क्रमांकाची खात्री असलेला मुलगा फुकट का खेळतोय? आता फुकट खेळत नाहीत, विमाही काढता येतो. धोका मात्र तेवढाच.

ईडीकडे परत येऊ. त्याच्याकडे एका वाक्याचं उत्तर होतं: जास्त वेळ न दमता खेळायचं आणि मार्चमध्ये जिंकून दाखवायचं. 2023-24 मध्ये त्याची सरासरी 25.2 पॉइंट. पर्ड्यू अंतिम फेरीत गेलं. 8 एप्रिल 2024 रोजी युकॉनकडून (कनेक्टिकट विद्यापीठ) 75-60 हरलं, त्यातले 37 एकट्या ईडीचे. जूनमध्ये मेम्फिसने त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या वर्षाचा पगार साधारण 57 लाख डॉलर, आदल्या वर्षीच्या टू-वेच्या दसपट. संथ म्हणणारे क्लब तेव्हाही होते. पण 30 पैकी एकालाच पटावं लागतं.

पायरी 6: पासपोर्ट बघा

इंग्रजी लेखांत ही पायरी दोन ओळींत उरकतात. आपल्यासाठी ती मोठी आहे.

ईडी कॅनडाचा. म्हणजे माझ्यासारखाच एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर. मी डायनिंग हॉलमध्ये ताटं उचलायचो, आठवड्याला 20 तास, कॅम्पसच्या आत, त्याबाहेर एक पैसा कमवायची मुभा नाही. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला आणि मला एकच नियम. त्याचे अमेरिकन सोबती गाडीच्या शोरूमची जाहिरात करत होते आणि त्याला ते करता येत नव्हतं. मायदेशी जाऊन केलेलं काम चालतं, म्हणून परदेशी खेळाडू तसे मार्ग शोधतात. काँगोचा ऑस्कर त्शिब्वे 2022 मध्ये केंटकीकडून वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरूनही परतला. त्याने टीमच्या बहामा दौऱ्यात, म्हणजे अमेरिकेबाहेर, जाहिरातींची कामं उरकली. गंमत म्हणजे राहूनही 2023 मध्ये त्याला कुणी ड्राफ्ट केलं नाही आणि इंडियानाकडून टू-वे मिळाला. राहण्याने जागा सुधारली नाही, गाठीला पैसे मात्र राहिले.

तेव्हा परदेशी खेळाडूच्या कागदावर राहण्याच्या बाजूचा आकडा अमेरिकन सोबत्याएवढा लिहू नका. त्याच्यासाठी परतणं महाग आहे. एकदा व्यावसायिक झाला की क्लब त्याच्यासाठी खेळाडूंचा वेगळा व्हिसा काढतो आणि हा प्रश्न मिटतो.

न्यू जर्सी, टेक्सस, बे एरियातल्या मराठी आईबाबांना एक सांगणं. तुमचं मूल इथे जन्मलेलं असेल तर नागरिक आहे, चिंता नाही. पण तुमच्याबरोबर एच-4 वर, म्हणजे एच-1बी वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर आलेलं असेल तर त्याला काम करता येत नाही, आणि बऱ्याच राज्यांत आता हायस्कूलच्या खेळाडूंनाही एनआयएलचे प्रस्ताव येतात. कोपऱ्यावरच्या पिझ्झावाल्याने "फोटो काढू, 500 डॉलर देतो" म्हटलं की हरखून जाऊ नका. आधी इमिग्रेशनचा वकील. कॉलेजात असेल तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयही. पाचशे डॉलरसाठी व्हिसा घालवू नका.

पायरी 7: एजंट

2018 पर्यंत एजंटशी करार झाला की कॉलेजचं दार बंद. माजी परराष्ट्रमंत्री कोंडोलीझा राइस यांच्या आयोगाच्या शिफारशींनंतर ते बदललं. आता मान्यताप्राप्त एजंट घेऊन, ड्राफ्टची चाचपणी करून, त्याच्याशी करार संपवून परत येता येतं. "एजंट केला म्हणजे गेलाच" हे वाक्य जुनं झालं. एजंट मान्यताप्राप्त आहे का एवढं बघा, आणि तो राहण्याच्या बाजूचे आकडे स्वतःहून दाखवतो का तेही. ज्याला फक्त जाण्यात कमिशन आहे त्याला फक्त जाण्याचीच बाजू दिसते. आणि आता जो कॉलेजच्या करारातही टक्का घेतो त्याचं उलटही होऊ शकतं.

पायरी 8: तिसरी वाट

राहणं म्हणजे त्याच कॉलेजात राहणं असं आता नाही. 2024 पासून अभ्यासात पुढे सरकत असलेल्या खेळाडूला कितीही वेळा, एकही सीझन बाहेर न बसता कॉलेज बदलता येतं. पण पोर्टल मे अखेरच्या मुदतीच्या बरंच आधी बंद होतं. म्हणून बरेच जण एप्रिलमध्ये दोन्हीकडे नाव टाकून ठेवतात. ज्याने ड्राफ्टला नाव दिलं पण पोर्टलला दिलं नाही, तो परतला तर जुन्याच कोचकडे परतणार. बातमी वाचताना हे आधी तपासा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

हल्ली उलटी वाहतूकही सुरू झाली आहे. जी लीगमध्ये पगार घेऊन खेळलेले काही जण कॉलेजात आले. डिसेंबर 2025 मध्ये तर 2023च्या ड्राफ्टमध्ये 31वा निवडला गेलेला जेम्स नाजी बेलर विद्यापीठात दाखल झाला. कॉलेजचे कोचच यावर संतापले. माझंही मत त्यांच्या बाजूने आहे, पण नियमांची ही गोधडी ठिगळं लावूनच शिवलेली आहे. कुठून उसवेल सांगता येत नाही.

मुलींचं गणित वेगळं

डब्ल्यूएनबीएला, म्हणजे बायकांच्या एनबीएला, जायला ड्राफ्टच्या वर्षात 22 वर्षं पूर्ण हवीत, किंवा कॉलेजची डिग्री झालेली नाहीतर लवकरच होणारी हवी. निर्णयही मेपर्यंत लांबत नाही, स्पर्धा संपताच एप्रिलमध्ये ड्राफ्ट. आणि पैशांची बाजू मुलांच्या अगदी उलट होती: 2024 मध्ये पहिली निवडली गेलेल्या केटलिन क्लार्कचा पहिल्या वर्षाचा पगार 76,535 डॉलर. जाहिरातींतून ती त्याच्या कितीतरी पट कमावत होती. 2025 मध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या आसपास जाईल असं धरलेली नोत्र दामची ऑलिव्हिया माइल्स व्यावसायिक झालीच नाही. पोर्टलमधून टीसीयूला (टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठ) गेली. जुन्या कराराचे आकडे समोर ठेवले तर तिला वेड्यात काढता येत नाही.

शेवटच्या दोन दिवसांत काय बघायचं

मुदतीच्या आदल्या दिवशी तीन गोष्टी तपासा. कोचने त्याच जागेसाठी पोर्टलमधून दुसरा कुणी आणला का? आणला असेल तर कोचला काहीतरी ठाऊक आहे. खेळाडूने शेवटच्या आठवड्यातला एखादा सराव अचानक रद्द केला का? कुठल्यातरी क्लबने शब्द दिला असण्याची शक्यता. आणि त्याच्या जागेचा दुसरा मोठा खेळाडू परतला का? तो परतला की ड्राफ्टमध्ये याची जागा एक-दोन घरं वर सरकते.

"आतल्या सूत्रांकडून कळतं" छापाच्या पोस्ट सोडून द्या. खेळाडूचं स्वतःचं खातं किंवा टीमचं अधिकृत खातं, बस.

भारतात बसून बघणार असाल तर ईस्टर्न वेळेचे 11:59 म्हणजे तुमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे 9:29. चहा होऊन आंघोळ व्हायच्या बेतात असते. 2023 मध्ये नागपूरहून माझ्या भावाचा त्याच वेळी फोन आला होता: "अरे, तो तुझा उंच माणूस राहिला का?" मी म्हटलं राहिला. "वेडा आहे का?" म्हणाला, आणि ऑफिसला उशीर होतोय म्हणून फोन ठेवला.